सेटअप न करता गिटार विकू नये

शाळा सुरू झाल्या की गिटारचे क्लास भरू लागतात आणि घरोघरी पाच-सात हजारांची नवी अकूस्टिक गिटार येते. दिवाळीपर्यंत त्यातल्या बऱ्याच कपाटावर चढतात. घरचे म्हणतात, पोराला चिकाटी नाही. शिकवताना अशा अनेक गिटारी माझ्या हातून जातात. माझ्या मते खोट बहुतेकदा पोरात नसते, सेटअप, म्हणजे तारांची उंची, खाचा आणि नेक नीट जुळवून न देता गळ्यात मारलेल्या गिटारीत असते.

बाराव्या फ्रेटवर जाड 'ई'ची तार साधारण अडीच मिलिमीटर उंच असावी. नव्या स्वस्त गिटारीवर हे अंतर चार मिलिमीटरही भरते. नटच्या, म्हणजे नेकच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या, खाचा पुरेशा खोल नसतात, त्यामुळे पहिल्या फ्रेटवर दाबताना तार ताणली जाऊन सूर चढतो. मोकळ्या तारा ट्यूनरवर चोख लागतात, पण 'सी' कॉर्ड धरली की बेसूर! शिकणाऱ्याला वाटते, आपलाच कान कच्चा. नेकवरून हात सरकवावा, तर न घासलेली फ्रेटची टोके करवतीसारखी लागतात.

यावर दुकानदारांचे ठरलेले उत्तर असते, 'सुरुवातीला बोटे दुखायचीच.' खरे आहे. पण कातडी काही आठवड्यांत निबर होते, नटची खाच आपोआप खोल होत नाही. दुसरे उत्तर, 'या किमतीत एवढेच मिळणार.' कमी किमतीत सलग लाकडाऐवजी प्लायचा टॉप मिळाला, खुंट्या साध्या निघाल्या, तर तक्रार नाही. पण खाचा कानशीने घासणे, ट्रस रॉड फिरवून नेकचा बाक काढणे, सॅडल उतरवणे ही जाणकाराची तासाभराची मजुरी आहे. तीही वाचवायची?

हे काम कारखान्यावर ढकलूनही भागत नाही. गिटारीला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते; मुंबई-कोकणात पावसाळ्यात ती ८० च्या वर जाते. लाकूड फुगते, ब्रिजमागचा टॉप वर येतो आणि तारा आणखी उंचावतात. म्हणून सेटअप विक्रीच्या जागीच व्हायला हवा. २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या मिरजेच्या तंबोऱ्याची जवारी, म्हणजे ब्रिज घासून साधलेला झंकार, कारागीरच काढून देतो. ते काम गिऱ्हाइकावर सोडत नाही.

ई-व्यापाराच्या २०२० च्या नियमांनुसार सदोष माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. पण उंच तारांना 'दोष नव्हे, अ‍ॅडजस्टमेंट' म्हणून वाटेला लावले जाते, आणि नवशिक्याला खोट कळेपर्यंत परतीची मुदत उलटलेली असते.

माझी मागणी साधी आहे. सेटअप करूनच गिटार द्यावी, बाराव्या फ्रेटवरची उंची बिलावर मिलिमीटरमध्ये लिहावी आणि महिनाभरात एकदा फुकट तपासणी करून द्यावी. पालकांनीही पैसे मोजण्यापूर्वी दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये तार दाबून पाहावी. तेव्हा पहिल्या फ्रेटवर केसाएवढीच फट दिसायला हवी. जास्त दिसली, तर आधी खाचा घासून मागाव्यात, मगच पाकिटात हात घालावा.

– एक गिटार शिक्षक, पुणे