टेबल आपलं, मग सजावट भाड्याची का?



गेल्या मे महिन्यात रोहा तालुक्यातल्या एका बौद्धवाडीत मंगल परिणयाला गेले होते. स्टेज झगमगत होतं. मागच्या पडद्यावर राधाकृष्ण, दोन्ही बाजूंना प्लास्टिकचे गुलाब, मधोमध राजाराणीचा सोफा. आणि बुद्धमूर्ती, बाबासाहेबांची तसबीर? ती कोपऱ्यात, स्पीकरच्या खोक्याला चिकटून, जेवणावळीच्या डाग पडलेल्या टेबलावर. डेकोरेटरला मी दोष देत नाही. त्याच्या पॅकेजमध्ये जे होतं ते त्याने लावलं. पण आपल्या लग्नात आपलं असं काय होतं?

बौद्ध पद्धतीत होम नाही, मुहूर्त नाही, अक्षता नाहीत. पांढऱ्या कापडाचं एक टेबल असतं. त्यावर बुद्ध, बाबासाहेब, फुलं, मेणबत्त्या, अगरबत्ती. त्याच्यासमोर त्रिसरण-पंचशील होतं, वधूवर प्रतिज्ञा घेतात, एकमेकांना हार घालतात. लग्न लागतं ते या टेबलापुढे, बाकी सगळा नुसता मांडव. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की निदान हे टेबल तरी भाड्याने सजवू नका. ते वस्तीतल्या पोरांनी स्वतःच्या हातांनी सजवावं.

हे मी तिथेच बोलले, तर नवरदेवाचे काका उसळले. "ताई, आमच्या आज्याच्या लग्नात वाजंत्री गावातून नेऊ देत नव्हते. आता पोरगं धाटावला कंपनीत लागलंय, तर थाट का नको?"

हा राग खरा आहे. साधेपणाचे उपदेश आपल्याला नेहमी तेच करतात ज्यांच्या घरी सात पिढ्या थाट झाला. त्यामुळे काकांना मी "खर्च कमी करा" असं म्हणणार नाही. थाट जरूर करा, पण तो कुणाचा करायचा? बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात जातीवरचा निबंध वाचला. जात पसरण्यामागे वरच्यांचं अनुकरण आहे, हे त्यांनी त्यात मांडलं. आमच्या एम.ए.च्या अभ्यासक्रमात 'संस्कृतीकरण' शिकवताना नाव येतं ते एम. एन. श्रीनिवास यांचं, आणि त्यांचं कुर्गवरचं पुस्तक १९५२चं. म्हणजे छत्तीस वर्षं आधी आपल्या माणसाने सांगून ठेवलेली गोष्ट आपणच मांडवात उभी करतो, तीही हप्त्यावर. बचत गटांच्या कामात मी पाहते, कर्जाच्या कागदावर घरदुरुस्ती असते आणि घराचे पत्रे मात्र पुढच्या पावसातही गळतात.

'हातांनी बनवलं' म्हटलं की आपल्याकडे अजून लाज वाटते, आणि त्यालाही कारण आहे. गावच्या लग्नात लाकडं फोडणं, अंगण झाडणं, सांगावा पोचवणं हे महाराचं काम होतं आणि त्याचा मोबदला म्हणजे उष्टं. मार्च १९२७च्या महाड परिषदेत बाबासाहेबांनी ते उष्टं टाकायला सांगितलं. टाकायचं उष्टं होतं, हातातलं कसब नव्हे. पेण तालुक्यात हमरापूर-जोहे पट्ट्यात घराघरात गणपतीच्या मूर्ती घडतात. आपलीही पोरं तिथे रोजावर रंगकाम करतात. दुसऱ्याच्या उत्सवाला चालणारा तो हात आपल्या लग्नात का लाजतो?

इथे कुणीतरी हमखास बाबासाहेबांच्या लग्नाचा दाखला देतो. रमाईंशी त्यांचं लग्न भायखळ्याच्या बाजारात, रात्री मासेवाल्या निघून गेल्यावर लागलं. तिथले दगडी ओटे हीच पाहुण्यांची बाकं. पण ती गरिबी होती, आदर्श नव्हता. तिचं कौतुक करून आपल्या पोरांना गप्प बसवू नये.

यंदा पेणजवळच्या एका वस्तीत आम्ही टेबल सजवलं. मागे झावळ्यांचे विणलेले झाप लावले. ते विणायला दोन आज्या सोडून कुणालाच येत नव्हतं, मग पोरं त्यांच्यापुढे शिकायला बसली. अर्ध्या करवंट्या घासून त्यात मेण ओतलं. फुलं मोगरा आणि पांढरा चाफा, दोन्ही वस्तीतलीच. थर्माकोल नव्हताच, राज्यात त्यावर २०१८ पासून बंदी आहे (आपल्या मांडवांना ती अजून कळलेली दिसत नाही). सगळ्यात देखणी झाली ती पिंपळाच्या पानांची जाळी. जून पानं तीन-चार आठवडे पाण्यात बुडवून ठेवायची, अधूनमधून पाणी बदलायचं. गर कुजला की मऊ ब्रशने हलकेच काढायचा आणि पान वर्तमानपत्रात दाबून वाळवायचं. उरतात फक्त शिरा. मागे दिवा ठेवला की पान उजळतं.

भांडण झालं ते वेगळ्याच गोष्टीवरून. पहिल्या दोन संध्याकाळी पोरं फोटो काढत होती आणि करवंट्या घासत होत्या मुली. घरचं काम म्हटलं की ते आपोआप बाईच्या अंगावर येतं, चळवळीतल्या घरातही. तिसऱ्या दिवशी आम्ही कामाच्या पाळ्या लावल्या आणि ब्रश नवरदेवाच्या हातात दिला. त्याने सात पानं फाडली, आठवं साधलं.

कापड, करवंट्या आणि पानं आता विहारातल्या ट्रंकेत आहेत, पुढच्या लग्नासाठी. रोह्याच्या त्या काकांच्या मुलीचं लग्न एप्रिलमध्ये ठरलंय. परवा त्यांचा फोन आला, पानं किती आधी भिजत घालायची म्हणून. म्हटलं, फेब्रुवारीतच घाला, आणि बादली घरापासून लांब ठेवा. वास फार येतो.