बाटली गेली, पट्टी आली

२०२५च्या जुलै महिन्यात महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यावर पोलिसांनी छापा घातला आणि केटामाइनचा मोठा साठा पकडला. शस्त्रक्रियेच्या वेळी भूल देण्याचे हे औषध. नशेसाठीही ते वापरले जाते. कोट्यवधींचा माल म्हटल्यावर बातमी गाजली, आणि गाजायलाच हवी होती. पण औषधाची नशा लागायला कारखानाच लागतो असे नाही. डॉक्टरांची एक खरीखुरी चिठ्ठी आणि फळीवरच्या डब्यात जपून ठेवलेली गोळ्यांची पट्टी एवढ्यावरही काम भागते. ती पट्टी अनेकदा दारू सोडवण्याच्या उपचारातूनच घरात आलेली असते, म्हणून तिच्याकडे कोणी संशयाने पाहत नाही.

रोज पिणाऱ्याची दारू एकदम तोडली की हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. काहींना भास होतात, फिट येते. हे जिवावरही बेतू शकते. म्हणून पहिले काही दिवस डॉक्टर क्लोरडायझेपॉक्साइड, म्हणजे पूर्वापार ‘लिब्रियम’ या नावाने ओळखली जाणारी गोळी, डायझेपाम किंवा लोराझेपाम देतात. सुरुवातीला मात्रा मोठी, मग रोज थोडी कमी, आणि साधारण आठवडा-दहा दिवसांत बंद. गोळी लागू पडते याचे कारण सरळ आहे. मेंदूला शांत करणारी जी यंत्रणा दारू चाळवते, तीच ही गोळीही चाळवते. कुलूप एकच, किल्ल्या दोन. धोकाही नेमका तिथेच आहे. १९६० साली लिब्रियम आणि १९६३ साली व्हॅलियम बाजारात आली, तेव्हा आधीच्या बार्बिट्युरेट गोळ्यांच्या मानाने सुरक्षित म्हणून त्यांचे स्वागत झाले. यांचीही सवय लागते, हे जगाला पुरते उमगायला पुढची कित्येक वर्षे गेली.

आता पोलादपूर तालुक्यातले एक घर डोळ्यांसमोर आणा. घरातला कर्ता मुंबईत. तिथे पिणे वाढते, नोकरी जाते, नातेवाईक त्याला एखाद्या केंद्रात ठेवतात. बाहेर पडला की सगळ्यांचे एकमत होते: मुंबईत ठेवायला नको, संगत वाईट, गावी पाठवा. एसटीतून तो उतरतो तो पिशवीत महिन्याच्या गोळ्या घेऊनच. पुढची तपासणी महिन्याने, पण ती मुंबईत. जिल्हा रुग्णालय आहे अलिबागला. महाडहून माणगाव, कोलाड, नागोठणे, वडखळ करीत शंभरेक किलोमीटर; कुडपणसारख्या डोंगरातल्या गावाहून निघायचे तर त्याआधी पोलादपूरला उतरण्यातच सकाळ जाते. सोबतीला एक माणूस हवा, म्हणजे दोघांची मजुरी बुडाली. लावणीच्या दिवसांत तर प्रश्नच मिटला. मग जुनीच चिठ्ठी घेऊन कोणीतरी महाडच्या मेडिकलमध्ये जाते.

जाते ती बहुधा बायको किंवा आई. तिला दोष देण्यात अर्थ नाही. वर्षानुवर्षे शिव्या आणि मार सोसलेल्या बाईला नवरा रात्री मुकाट्याने झोपतो आहे, याहून मोठे सुख ते कोणते? गोळी चुकली की तो चिडतो, येरझारा घालतो. एकीने भागेना की ती दोन देते. कुठे तो स्वतःच डबा शोधून काढतो. पारावर ‘दारू सोडली’ म्हणून त्याचे कौतुक चाललेले असते आणि घरात गोळ्यांची संख्या वाढत असते. एखाद्या लग्नात पुन्हा पेला हातात आला, तर दारू आणि गोळी मिळून श्वासच मंदावतो; झोपेतला माणूस उठतच नाही.

कायदा नाही असे नाही. अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम या गोळ्या २०१४च्या मार्चपासून ‘एच-१’ अनुसूचीत आहेत. दुकानदाराने रुग्णाचे आणि डॉक्टरचे नाव, औषध आणि किती दिले ते वेगळ्या वहीत लिहावे, ती वही तीन वर्षे ठेवावी, असा नियम आहे. वही असते, पण सहा महिन्यांपूर्वीच्या चिठ्ठीवर आज गोळ्या का दिल्या, हे विचारणारा कोण? मालेगावात अल्प्राझोलामला ‘कुत्ता गोळी’ हे नाव पडले, तेव्हा पोलीस जागे झाले. महाडच्या घरातल्या गोळीला असे नाव नाही. तिला ‘डॉक्टरांची गोळी’ म्हणतात.

याच्या उलट टोकही आहे. दारू सोडलेले काही जुने जाणते नव्याला सांगतात, ‘गोळी म्हणजे गोळी, सगळ्या फेकून दे.’ तो बिचारा नैराश्यावरची किंवा भास थांबवणारी औषधेही सोडतो, आणि महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा गुत्त्यावर दिसतो, नाहीतर त्याहून वाईट होते. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या संघटनेचीच याविषयी पुस्तिका आहे आणि सदस्यांनी एकमेकांचे डॉक्टर होऊ नये, असे तिच्यात बजावले आहे. मनाच्या आजारावरची सगळी औषधे सवयीची नसतात. जी आहेत तीही महिनोन्महिने चालू असतील तर एका रात्रीत तोडायची नसतात; तोडली तर पुन्हा फिट येण्याची भीती. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, आठवड्या-आठवड्याने थोडी थोडी उतरवावी लागतात.

उपचारांत गोळीचा भाग किती थोडा असतो, हे पुण्याच्या ‘मुक्तांगण’कडे पाहिले की कळते. २९ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी ते सुरू केले, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीच्या आधाराने. तिथला मुक्काम ३५ दिवसांचा. शरीराचा त्रास शमवण्याची औषधे सुरुवातीला. बाकीचे दिवस बोलण्याचे, ऐकण्याचे, गटात बसण्याचे. बायकांसाठी ‘सहचरी’ हा वेगळा गट, कारण घरातल्या बाईलाही कोणीतरी समजावून सांगावे लागते.

हे पोलादपूरला का होऊ नये? मोठे केंद्र कोणी मागत नाही. पोलादपूर आणि महाडच्या सरकारी रुग्णालयांत महिन्यातला एक ठरलेला वार मानसोपचारतज्ज्ञांचा असावा, आठवडी बाजाराला जोडून आला तर उत्तमच. मधल्या दिवसांत तिथल्याच वैद्यकीय अधिकाऱ्याने तज्ज्ञांशी फोनवर बोलून मात्रा उतरवावी. केंद्रांनी घरी सोडताना महिन्याच्या नव्हे, मोजक्या दिवसांच्या गोळ्या द्याव्यात आणि ‘या तारखेला बंद’ असे मराठीत, ठळक अक्षरांत चिठ्ठीवर लिहावे. तोवर घरच्यांना विचारायला एक नंबर आहे: टेली-मानस, १४४१६. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली ही सरकारी सेवा फुकट आहे. डोंगरातल्या वाड्यांवर फोनला रेंज मिळाली, तर तो लागेलही.