तीन ‘काढणे’ आणि आरोग्याचे अर्थशास्त्र

आरोग्याचे अर्थशास्त्र हा विषय पदव्युत्तर वर्गात शिकवला जातो तेव्हा त्याचा आरंभ बहुधा केनेथ ॲरो यांच्या १९६३ सालच्या निबंधापासून होतो. आजार केव्हा येईल हे माणसास ठाऊक नसते, आणि आल्यावर कोणता उपचार योग्य हे तो डॉक्टरपेक्षा कमी जाणतो. म्हणून औषधोपचाराचा बाजार धान्याच्या बाजारासारखा चालत नाही, हे त्या निबंधाचे सार. आरंभ रास्तच आहे. परंतु महाराष्ट्राबाहेरील एका विद्यापीठात अभ्यागत प्राध्यापक असताना या विषयाच्या वर्गात काही तास बसण्याचा योग आला, तेव्हा एक गोष्ट मला खटकली. समोर पाच-सहा मातृभाषांचे विद्यार्थी होते. पण दुखण्याचा एकही शब्द त्यांपैकी कोणत्याही भाषेतून फळ्यावर आला नाही. ही उणीव भाषाभिमानाची नव्हे, शास्त्राचीच आहे, असे माझे मत आहे.

मराठीचेच उदाहरण घेऊ. ‘काढणे’ हे आपले अगदी साधे क्रियापद. बाई दुखणे अंगावर काढते. नवरा दवाखान्यासाठी कर्ज काढतो. आणि सून सासूचे आजारपण काढते. या तीन प्रयोगांत आरोग्याच्या अर्थशास्त्राचे तीन मोठे प्रश्न सामावले आहेत.

पहिला प्रश्न न घेतलेल्या उपचाराचा. राष्ट्रीय नमुना पाहणीची ७५ वी फेरी २०१७-१८ मध्ये झाली. गेल्या १५ दिवसांत घरात कोणास आजार होता काय, असे तीत विचारले होते. उपचार का घेतला नाही, हेही ती पाहणी विचारते. पण ते, आजार होता असे आधी सांगितले तरच. जी बाई अंगातल्या कणकणीला, कंबरदुखीला आजार हे नावच देत नाही, ती पहिल्याच प्रश्नाशी निरोगी ठरते. केरळात आयुर्मान अधिक असूनही स्वतःस आजारी म्हणवणारे अधिक, तर बिहारात नेमके उलट, या विसंगतीकडे अमर्त्य सेन यांनी २००२ साली लक्ष वेधले होते. ‘अंगावर काढणे’ ज्यास कळते, त्यास या विसंगतीचे नवल वाटणार नाही.

दुसरा प्रश्न कर्जाचा. देशाच्या आरोग्यखर्चात कुटुंबांनी स्वतःच्या खिशातून केलेल्या खर्चाचा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. ही घट स्वागतार्हच आहे. मात्र ज्याने उपचारच घेतला नाही त्याचा खर्च शून्य धरला जातो. म्हणजे कर्ज काढणारा हिशेबात येतो, अंगावर काढणारा येत नाही. दोघे एकाच घरात असू शकतात, किंबहुना बहुधा असतातच.

तिसरा प्रश्न शुश्रूषेचा. २०१९ सालच्या अखिल भारतीय वेळ-वापर पाहणीने घरातील विनामोबदला श्रमाचे तास मोजले, हे मोठेच काम झाले. परंतु एखाद्या उपचाराची किफायत ठरवताना आजारपण काढणाऱ्या सुनेचे दिवस खर्चाच्या बाजूला मांडले जातातच असे नाही.

यावर अर्थशास्त्रज्ञांचा आक्षेप उघड आहे. साऱ्या देशासाठी माप करायचे तर ते एकच हवे. प्रत्येक भाषेच्या वाक्प्रचारागणिक वेगळा गज घेऊन चालणार नाही. हे मला मान्य आहे. गज एकच असावा. पण तो ज्या कापडावर धरायचा त्याचा पोत तरी हाताला कळावा! प्रश्नावल्यांची भाषांतरे आज काटेकोर पद्धतीने होतात हेही खरे. परंतु भाषांतर मूळ प्रश्नाशी इमान राखते, न विचारलेला प्रश्न ते सुचवत नाही. आणि हा वाद केवळ पुस्तकी उरलेला नाही. २०१७ पासून केंद्र शासनाच्या आरोग्य संशोधन विभागाने आरोग्य-तंत्रज्ञानाच्या मूल्यमापनाची व्यवस्था उभी केली आहे. कोणत्या उपचारावर सार्वजनिक पैसा लावणे किफायतीचे, याचा सल्ला तेथून मिळतो, आणि त्या सल्ल्याच्या तळाशी माणसांनी आपल्या दुखण्याबद्दल दिलेली उत्तरे असतात.

दोष आपल्याकडेही आहे. साहित्याचे अभ्यासक आजाराकडे पाहतात ते प्रतीक म्हणून. कादंबरीतला क्षय आपण मानवी एकाकीपणाशी जोडतो. त्या घरातली दुभती म्हैस कोणत्या औषधासाठी विकली गेली, हे विचारत नाही. ग्रंथात ते लिहिलेले असते. आपण ते पान उलटून पुढे जातो.

म्हणून माझी सूचना मर्यादित आहे. आरोग्याच्या अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात एक अभ्यासपत्रिका भारतीय भाषांच्या विभागाने मिळून शिकवावी. प्रत्येक विद्यार्थ्याने पाहणीतील एक प्रश्न आपल्या मातृभाषेत घरच्या एखाद्या वडीलधाऱ्या स्त्रीला विचारावा, तिचे उत्तर तिच्याच शब्दांत लिहून आणावे, आणि त्या उत्तरातले काय रकान्यात बसले व काय बाहेर राहिले, हे वर्गात मांडावे. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी त्याच वर्गात बसून लेखे वाचायला शिकावे. जे बाहेर राहिले ते मोजता येईलच असे नाही. पण ते बाहेर राहिले आहे एवढे ठाऊक असलेला अर्थशास्त्रज्ञ शून्याचा आकडा लिहिण्यापूर्वी क्षणभर थांबेल.