साठीनंतरचे अध्ययन आणि आपला वैद्यवर्ग

ज्येष्ठ नागरिकांच्या कल्याणाचा विषय निघाला की आपल्याकडे चर्चा बहुधा निवृत्तिवेतन, औषधोपचार आणि तीर्थयात्रा या तीन विषयांभोवती फिरते. १९९९ च्या राष्ट्रीय ज्येष्ठ नागरिक धोरणात वृद्धांच्या शिक्षणविषयक गरजांचीही दखल घेतलेली आहे, याचे स्मरण मात्र फारसे कोणास होत नाही. वृद्धांनी पुन्हा विद्यार्थी व्हावे, आणि त्यासाठी विद्यापीठाने आपली दारे उघडावीत, हा विचार आम्हांस आपल्या व्यवसायाच्या दृष्टीनेही महत्त्वाचा वाटतो. म्हणूनच या अंकात तो वैद्यबंधुभगिनींपुढे आणि औषधी भांडारांच्या चालकांपुढे ठेवीत आहोत.

ही कल्पना नवी नाही. १९७३ साली फ्रान्समधील तुलूझ येथे प्राध्यापक पिएर व्हेला यांच्या पुढाकाराने 'तृतीय वयाचे विद्यापीठ' सुरू झाले. बालपण व शिक्षण हे पहिले वय, अर्थार्जन व संसार हे दुसरे, आणि त्यानंतरचे स्वस्थ, मोकळे आयुष्य हे तिसरे, अशी ही मांडणी आहे. तुलूझचा प्रयोग विद्यापीठाच्या आश्रयाने चालला. पुढे १९८० च्या दशकाच्या प्रारंभी इंग्लंडात ही चळवळ पोहोचली, तेव्हा तिचे रूप पालटले. तेथे निवृत्तांनीच एकमेकांस शिकवावे, परीक्षा व पदव्या नसाव्यात, असे ठरले. एका ठिकाणी विद्यापीठाची साधने मिळाली, दुसऱ्या ठिकाणी ज्येष्ठांचा स्वतःचा अनुभव कामी आला. आपल्याला या दोहोंचीही आवश्यकता आहे.

आता आपल्या परिसराकडे वळू. मुंबईहून ठाणे लोहमार्गाने ३४ किलोमीटर, तर कल्याण सुमारे ५४. या अंतराची ये-जा तीस-पस्तीस वर्षे करून निवृत्त झालेला मोठा वर्ग ठाणे, डोंबिवली आणि कल्याण येथे वास्तव्य करून आहे. कोणी रेल्वेत होते, कोणी बँकेत, कोणी मंत्रालयात, कोणी डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांत. हा वर्ग वाचणारा आहे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन २०१० साली ठाण्यात आणि २०१७ साली डोंबिवलीत भरले. व्याख्यानमाला, कट्टे, ज्येष्ठ नागरिक संघ यांची येथे वाण नाही. तथापि व्याख्यान ऐकणे आणि एखादा विषय सहा महिने क्रमाने अभ्यासणे यांत अंतर आहे. श्रोत्याला दुसऱ्या दिवशी काही करावयाचे नसते. अभ्यासकाला वाचावे लागते, टिपणे काढावी लागतात, शंका विचाराव्या लागतात. क्रमबद्ध अध्ययनाची ही सोय आपल्या परिसरात ज्येष्ठांसाठी स्वतंत्रपणे उभी राहावयास हवी.

साधने नाहीत असे नव्हे. मुंबई विद्यापीठाने पत्राद्वारे शिक्षणाची सोय १९७१ सालीच केली. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून कार्यरत आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये आजीवन अध्ययन व विस्तार यांसाठी स्वतंत्र मंडळाची तरतूद आहे. मुंबई विद्यापीठाचे उपपरिसर ठाण्यात बाळकुम येथे आणि कल्याणातही आहेत. परंतु दूरस्थ शिक्षणाची रचना मुख्यतः पदवीसाठी आणि परीक्षेसाठी आहे, आणि विस्तारकार्याचा भर महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या उपक्रमांवर राहिला आहे. सत्तरीच्या गृहस्थास पदवी घेऊन बढती मिळवावयाची नसते. त्याला वर्ग हवा, सोबती हवेत, आणि प्रश्न विचारला असता उत्तर देणारा गुरू हवा.

येथे आपल्यापैकी एखादा शास्त्राभ्यासी आक्षेप घेईल. चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात साठीनंतरच्या जीर्ण वयात ग्रहण, धारण, स्मरण आणि विज्ञान यांचा ऱ्हास सांगितला आहे. मग या वयात अध्ययनाचा आग्रह कशासाठी? आक्षेप रास्त आहे. पण त्याच अध्यायात आचार्यांनी ज्ञानप्राप्तीचे उपायही सांगितले आहेत, ते तीन : अध्ययन, अध्यापन आणि तद्विद्यसंभाषा. पाठांतरावर आधारलेले अध्ययन वृद्धास जड जाईल. मात्र अनुभवाच्या बळावर अध्यापन आणि समविषयी जनांशी संभाषा त्याला सहज साधेल. शार्ङ्गधरसंहितेतील दशकानुसार होणाऱ्या ऱ्हासाचा क्रमही येथे विचारात घ्यावा. त्यात मेधेचा ऱ्हास चौथ्या दशकात, दृष्टीचा सहाव्यात, तर बुद्धीचा नवव्या दशकात सांगितला आहे. नवे चटकन धारण करण्याची शक्ती लवकर ओसरते. सारासार निर्णय करणारी बुद्धी दीर्घकाळ साथ देते. हा क्रम प्रत्येक व्यक्तीस तंतोतंत लागू पडेल असे नाही, परंतु अभ्यासक्रम आखणाऱ्यास तो उत्तम मार्गदर्शक आहे. घोकंपट्टी आणि वेळेचे बंधन असलेली परीक्षा वगळावी; चर्चा, प्रकल्प आणि परस्परांस शिकविणे यांवर भर द्यावा.

अशा वर्गाची व्यवस्था कशी असावी, हे सांगण्यास वैद्याइतका अधिकारी दुसरा कोण? वर्ग सकाळी साडेदहा ते साडेबाराच्या दरम्यान असावा, म्हणजे कार्यालयीन गर्दी ओसरलेली असते आणि नातवंडांना शाळेत पोहोचविणाऱ्या आजी-आजोबांसही येता येते. तळमजल्यावरील किंवा उद्वाहनाची सोय असलेली खोली हवी, कारण गुडघेदुखीचा रुग्ण जिन्यापाशीच परत फिरतो. प्रसाधनगृह जवळ असावे आणि दर पाऊण तासाने विराम द्यावा. मूत्रवेगाचे धारण करून कोणाचेही चित्त विषयात राहत नाही. पाठ्यपुस्तकाचे अक्षर मोठे असावे आणि शिक्षकाने ध्वनिक्षेपक वापरावा. वर्षा ऋतूत वातप्रकोपाचा काळ आणि लोकलगाड्यांचा खोळंबा हे दोन्ही टाळावेत, सत्र दिवाळीनंतर सुरू करून होळीपर्यंत संपवावे. शुल्क अल्प असावे. निवृत्तिवेतन सर्वांनाच नसते, आणि आयुष्यभर घर सांभाळलेल्या स्त्रियांच्या हाती तर स्वतःचे असे उत्पन्न क्वचितच असते. शिक्षणाची इच्छा मनात दडपून ठेवणाऱ्यांत त्यांची संख्या मोठी आहे.

आता आपल्या दुकानदारीचा प्रश्न, जो थोडा कडू आहे. 'हल्ली विसरायला होते' ही तक्रार घेऊन येणाऱ्या वृद्धास आपण ब्राह्मी, शंखपुष्पीचे कल्प देतो, आणि तो पुढील महिन्यात पुन्हा येतो. मेध्य रसायनांचे महत्त्व आम्ही मुळीच कमी लेखीत नाही. परंतु त्या वृद्धास ऐकू कमी येते काय, तो दिवसभर कोणाशी बोलतो, जोडीदाराच्या निधनानंतर त्याचे मन कोठे गुंतले आहे काय, हे विचारल्याखेरीज बाटली पुढे करणे ही चिकित्सा नव्हे. स्मृतिभ्रंशाविषयी लॅन्सेट नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ च्या अहवालात टाळता येण्याजोगी १४ कारणे दिली. त्यांत श्रवणदोष, दृष्टिदोष, विषण्णता आणि सामाजिक एकाकीपणा यांचा समावेश आहे. अल्पशिक्षणाचे कारणही त्यात आहे, पण ते मुख्यतः पूर्ववयातील शिक्षणासंबंधी होय. सबब, साठीनंतर वर्गात बसल्याने स्मृतिभ्रंश टळतो, असे आश्वासन कोणी देऊ नये. एकाकीपणा मात्र वर्गात निश्चित कमी होतो, आणि ऐकू येत नाही ही गोष्ट घरात लपली तरी वर्गात लवकर ध्यानी येते. तिचा वेळीच निर्देश करणे हे आपले कर्तव्य आहे. आवश्यक तेथे रुग्णास कर्णतज्ज्ञाकडे किंवा मनोविकारतज्ज्ञाकडे पाठविण्यात कमीपणा नाही.

यातूनच दुसरा धोका संभवतो. ज्येष्ठांचे वर्ग सुरू झाले की आहार, ऋतुचर्या, योग या विषयांसाठी वैद्यांना निमंत्रणे येतील. श्रोते विश्वासू, वयस्क आणि व्याधींनी त्रस्त असतील. अशा सभेत व्याख्यानानंतर मेजावर चूर्णे आणि तेले मांडून ठेवण्याचा मोह होईल. विद्यार्थी म्हणून आलेल्या वृद्धास ग्राहक करून परत पाठविणे हा त्याच्या विश्वासाचा भंग आहे, आणि शास्त्राच्या प्रतिष्ठेसही त्यामुळे बाध येतो. औषधांच्या चमत्कारी जाहिरातींना आळा घालणारा कायदा १९५४ पासून आहेच. त्याच्या कक्षेबाहेर जे राहते, ते आपणच आपल्या नियमांनी बांधून घेतले पाहिजे.

म्हणून आमच्या सूचना मर्यादित आहेत. संघटनेने ठाणे व कल्याण येथील उपपरिसरांत साठीवरील नागरिकांसाठी दिवसा चालणारा, परीक्षाविरहित सत्रवर्ग सुरू करावा, असे निवेदन मुंबई विद्यापीठास द्यावे. प्रारंभी स्थानिक इतिहास, संस्कृत आणि स्वस्थवृत्त हे तीन विषय पुरेत. निवृत्त अध्यापक, अभियंते, अधिकारी यांना शिकविण्याचीही संधी मिळावी. सभासद वैद्यांनी सत्रातील दोन तास विनामूल्य द्यावेत, आणि त्या वास्तूत कोणत्याही उत्पादनाचा उल्लेख वा विक्री करणार नाही, असे लेखी मान्य करावे. औषधी भांडारांच्या चालकांनी प्रवेशाची सूचना दर्शनी भागात लावावी. वृद्ध ग्राहक महिन्यातून एकदा तरी तेथे येतोच.

येत्या सर्वसाधारण सभेत हा विषय कार्यपत्रिकेवर यावा, अशी आमची कार्यकारिणीस विनंती आहे. ज्या सभासदांची अध्यापनाची तयारी असेल, त्यांनी आपला विषय आणि सोयीची वेळ संघटनेच्या कार्यालयाकडे कळवावी, म्हणजे निवेदनासोबत शिक्षकांची यादीही देता येईल.