मातीचे मावळे, संगणकातला किल्ला आणि न घडलेला दौलतखान

दिवाळीच्या किल्ल्यावर मांडायच्या मातीच्या मूर्तींना पुण्याकडे 'चित्रं' म्हणतात. ही रीत मुळात तिकडची, पण आता मराठवाड्यातही दिसते. आणि आता तर हीच चित्रं मोबाईलने टिपून संगणकात अख्खा किल्ला उभा करता येतो. या तंत्राचं नाव फोटोग्रामेट्री. मी उर्दू आणि मराठी शिकवतो. हे तंत्र मुलांच्या हाती यावं असंच मला वाटतं. पण "जसंच्या तसं उतरवलंय, म्हणजे खरंच असणार" हा जो समज त्यासोबत येतो, त्याच्याशी माझं भांडण आहे.

आधी तंत्र समजून घेऊ. मूर्तीचे चारही बाजूंनी पन्नास-साठ फोटो काढायचे. प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा बराचसा भाग पुन्हा आला पाहिजे. सॉफ्टवेअर सगळ्या फोटोंतले समान बिंदू शोधतं, कॅमेरा कुठे कुठे होता ते गणिताने काढतं आणि त्या बिंदूंपासून आकार उभा करतं. मेशरूम आणि ब्लेंडर ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात. ज्या बाजूचा फोटोच नाही, तिथे आकाराला भोक पडतं.

मला याच भोकाबद्दल बोलायचं आहे. बाजारात चित्रं कोणती मिळतात? सिंहासनावरचे महाराज, भालेवाले मावळे, तोफा, गवळण आणि अफझलखान वधाचा देखावा. म्हणजे किल्ल्यावर ओळखू येणारा मुसलमान एकच, पोट फाडलेला खान. मातीचा किल्ला निदान दिवाळीनंतर मोडतो. संगणकातला किल्ला मोडत नाही. तो एका शाळेतून दुसऱ्या शाळेत फिरतो. शिवाय एकाच मावळ्याच्या शंभर नकला करून फौज भरता येते, आणि मग तीच महाराजांची फौज ठरते.

अफझलखान काढून टाका, असं मी मुळीच म्हणत नाही. १० नोव्हेंबर १६५९ हा इतिहास आहे. पण मग तो देखावा पूर्ण करा. त्या दिवशी महाराजांच्या निवडक अंगरक्षकांत सिद्दी इब्राहीम होता. खानाचा वकील कृष्णाजी भास्कर होता आणि खानाच्या फौजेत मंबाजी भोसलेही होता. पुढच्याच वर्षी पन्हाळ्याला वेढा घालणारा सिद्दी जौहर होता, तर तो वेढा फोडायला नेताजी पालकरांसोबत गेलेला सिद्दी हिलाल होता. पायदळाचा सरनोबत नूर बेग आणि आरमारातला दौलतखान यांची चित्रं तुम्ही कुठे पाहिलीत? प्रतापगड, पन्हाळा आणि सिंधुदुर्ग आता युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. तिथे लढलेली माणसं मात्र आपल्या मुलांच्या किल्ल्यात नाहीत.

"खेळण्यात कशाला हिंदू-मुसलमान आणता?" असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर सरळ आहे. मी आणलेलं नाही, ते तिथे आधीपासूनच मांडलेलं आहे. आठ वर्षांच्या अस्लमने त्या किल्ल्यात स्वतःला कुठे शोधायचं?

आपल्या लोकांनाही दोन शब्द. महाराजांच्या फौजेतल्या मुसलमानांचे फुगवलेले टक्के व्हॉट्सअॅपवर फिरवणं बंद करा. समकालीन आधार नसलेलं नाव किल्ल्यावर ठेवलं, तर पहिला जाणकार ते उचलून फेकेल आणि त्यासोबत खरा दौलतखानही जाईल. मूर्ती घडवणं ज्यांना धर्माच्या दृष्टीने पटत नाही, त्यांनी प्रसंगाची टिपणं लिहावीत, नकाशा काढावा. पण "आपला काय संबंध" म्हणून बाजूला बसू नये. बाजूला बसलेल्याचा फोटो निघत नाही.

शिक्षकांनी एवढं करावं. फक्त विकतची चित्रं टिपू नका, मुलांकडून नवी घडवून घ्या. मूर्तीला चकचकीत रंग देऊ नका, चमकेमुळे आकार बिघडतो. शेजारी पट्टी ठेवा, कारण नुसत्या फोटोंवरून खरं माप कळत नाही. मूर्ती कुंभाराकडून आणली असेल तर त्याला विचारा आणि देखाव्यात त्याचं नाव लिहा, कारण त्याच्या अंगठ्याचा ठसासुद्धा त्या फाइलमध्ये उतरतो. प्रत्येक पात्राखाली त्याचं नाव, साल आणि बाजू लिहा.

मेडेनबावर या जर्मन वास्तुतज्ज्ञाने १८६७ साली फोटोग्रामेट्री हा शब्द वापरात आणला. जुन्या इमारती पडल्या तरी त्यांची मापं राहावीत, हा त्याचा ध्यास होता. आपणही पुढच्या पिढीसाठी काहीतरी जपून ठेवतोच आहोत. त्यात सिंधुदुर्गाच्या धक्क्यावर एक दौलतखान उभा करा. त्यासाठी मूठभर माती आणि साठ फोटो लागतात.