चबुतऱ्यावरचा मारुत

सौंसर तालुक्यातील जामसावळीचे मारुतीचे देवस्थान आमच्या कोकणातील व गोमंतकातील वाचकांपैकी थोड्यांनीच पाहिले असेल. येथील मारुती उभा नाही, पहुडलेला आहे. शनिवार-मंगळवारी नागपूर, छिंदवाडा, पांढुर्णा या सर्व बाजूंनी माणसे येतात आणि त्या निद्रिस्त मूर्तीपुढे दिवसभर रांग लागते. देव निजला आहे म्हणून कुणी त्याचे तेल चुकवीत नाही, शेंदूर चुकवीत नाही, काकडा चुकवीत नाही. हे आम्ही प्रारंभीच सांगतो. कारण आज आम्हांस दुसऱ्या एका मारुताविषयी लिहावयाचे आहे. त्याला आपण एकदा निजविले, वर रंग फासला, खाली पाटी ठोकली आणि घरी निघून आलो.

'मारुत' हे आपल्या देशात आखलेले व बांधलेले पहिले लढाऊ जेट विमान. कुर्ट टांक या जर्मन अभिकल्पकाला बंगळूरच्या कारखान्यात बोलावून आपण ते उभे केले आणि १७ जून १९६१ रोजी ते प्रथम आकाशात गेले. एकंदर १४७ विमाने झाली. हवे तेवढे बळकट एंजिन त्याला अखेरपर्यंत मिळाले नाही, ही त्याची शोकांतिका. तरीही १९७१ च्या युद्धात राजस्थानच्या आघाडीवर त्याने चोख काम बजावले. पुढे १९९० च्या सुमारास ते सेवेतून गेले. त्यांतील एक मुंबईच्या नेहरू विज्ञान केंद्रात आणि एक पुण्याच्या कमला नेहरू उद्यानात मांडलेले अनेक वाचकांनी पाहिले असेल. एक तर थेट म्यूनिकजवळच्या श्लाइसहाइमच्या संग्रहालयात जाऊन पोचले आहे. उडणारे मात्र आज एकही नाही.

आमच्या नागपूरकडील मुलुखात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा होतो. लहान मुले लाकडी बैल सजवून दारोदार नेतात आणि बोजारा मागतात. मोठा गोड सण आहे. परंतु लाकडी बैलाने शेत नांगरले जाते, असे आमच्याकडील चार वर्षांचे पोरही म्हणत नाही. आमची तक्रार एवढीच आहे, की विमानांच्या बाबतीत आपण सारा देश तान्हा पोळाच करीत बसलो आहो, आणि त्यालाच इतिहासाचे जतन म्हणत आहो.

चबुतऱ्यावर विमान चढविण्यापूर्वी बहुधा त्याचे एंजिन काढून घेतात, नळ्यांतील तेल उपसतात, वैमानिकापुढील घड्याळांपैकी उपयोगाची असतील ती सोडवितात. मग उरते ते ॲल्युमिनियमचे टरफल. त्यावर पाऊस पडतो, आत पाखरे घरटी करतात. पंखाचा आकार कसा होता, हे टरफल सांगेल. ते चालत कसे होते, कोणता पंप आधी बिघडे, कोणता आवाज आला की कारागीर कान टवकारीत, हे ते सांगणार नाही. ती विद्या विमानात नव्हतीच. ती माणसांच्या हातांत होती, आणि ते हात आपण निवृत्तिवेतन देऊन घरी बसविले.

इंग्लंडात याच्या उलट गोष्ट चालते. शेक्सपिअरच्या गावाजवळ वेल्सबोर्न नावाचे एक जुने विमानतळ आहे. तेथे एक्स्एम् ६५५ या क्रमांकाचे व्हल्कन जातीचे चार एंजिनांचे बॉम्बफेकी विमान आहे. १९६४ साली बांधलेले आणि १९८४ साली हवाई दलाने विकलेले. ते उडत नाही. त्यास तशी परवानगीही नाही. परंतु त्याची चारही एंजिने सुरू होतात आणि ते आपल्या बळावर धावपट्टीवर धावते. हे करणारी मंडळी पगारी नव्हेत. आठवड्याची सुटी खर्ची घालून, हातमोजे काळे करून ती स्वयंसेवेने राबतात. आपल्या पदरचे पैसे घालतात ते वेगळेच.

वाचकांस वाटेल, यात विशेष ते काय? कळ दाबली की एंजिन सुरू. तसे नसते. न चालविलेले जेट एंजिन हे बंद देवळासारखे असते; जे काही बिघडावयाचे ते कुलपाआडच बिघडते. रबरी वायसर सुकून आखडतात. इंधनाचा चिकट राळेसारखा थर पंपांत बसतो. ओलाव्याने हलक्या धातूची कवचे आतून पोखरली जातात. म्हणून ही मंडळी ठराविक काळाने एंजिन फिरवितात, आणि फिरविण्यापूर्वी दिवसचे दिवस तपासणी करतात. वैमानिकास बाहेर फेकणाऱ्या खुर्चीतील स्फोटक काडतुसे काढलेली आहेत ना, हे पाहावयाचे. हवा घेण्याच्या तोंडात कुणाचा पाना किंवा चिंधी राहिली नाही ना, म्हणून आत विजेरी घेऊन डोकवावयाचे. अग्निशामक नळकांडे घेऊन एकाने बाजूस उभे राहावयाचे. मग बाहेरच्या वीजगाड्याने पाते फिरू लागते, इंधनाचा फवारा सुटतो, ठिणगी पडते, आणि सर्वांची दृष्टी एका काट्यावर खिळते: मागच्या नळीतील उष्णता. काटा मर्यादेपलीकडे चढू लागला तर त्याच क्षणी इंधन तोडावयाचे. विचार करण्यास उसंत नसते. हे ग्रंथ वाचून येत नाही. ज्याने शंभर वेळा केले आहे त्याच्या खांद्याशी उभे राहून ते शिकावे लागते.

त्यापूर्वी आणखी एक काम असते, आणि ते ऐकून आम्हां पांढुर्णेकरांस थोडे हसू व थोडी लाज वाटावी. धावपट्टीवर ओळीने चालत जाऊन खडे वेचावयाचे. एक लहानसा खडा एंजिनात ओढला गेला तर पात्यांची चळतच्या चळत निकामी होते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव यांची गोटमार होते. पळसाच्या झाडावरील झेंड्यासाठी माणसे दिवसभर एकमेकांवर दगड फेकतात आणि दरसाल शेकड्यांनी डोकी फुटतात. त्या प्रथेवर आम्ही येथे वाद घालीत नाही. तो स्वतंत्र विषय आहे. परंतु आमच्या लोकांना स्वयंसेवा जमत नाही, चिकाटी नाही, एका निशाणासाठी अंग झिजविण्याची हौस नाही, असे कुणी म्हणू लागले, तर आम्ही त्यास त्या दिवशी जामच्या काठावर आणून उभे करू.

आता प्रतिपक्षाकडे वळू. पहिला आक्षेप धोक्याचा, आणि तो खरा आहे. २२ ऑगस्ट २०१५ रोजी इंग्लंडात शोरहॅम येथे एक जुने हंटर जेट प्रदर्शनात कोसळले आणि रस्त्यावरची अकरा निरपराध माणसे मेली. १९५० च्या दशकातील यंत्र गर्दीवरून उडवावे, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. जमिनीवर धावविण्यातही जोखीम असते. २००९ साली ब्रंटिंगथॉर्प येथे एक व्हिक्टर विमान धावता धावता नकळत हवेत उचलले गेले आणि सुदैवानेच पुन्हा सुखरूप टेकले. म्हणून आमची मागणी त्याहूनही लहान आहे. विमान साखळीने जखडलेले असो, परंतु त्याचे एंजिन चालो.

दुसरा आक्षेप असा, की शस्त्राचे एवढे कोडकौतुक देवळात जाणाऱ्यांनी कशासाठी करावे? हा प्रश्न खंडेनवमीला शस्त्रे पुजणाऱ्या घरांतून येतो, याचे आम्हांस नवल वाटते. पूजेपूर्वी शस्त्र घासून-पुसून लखलखीत करतात. गंजलेल्या तलवारीवर फूल ठेवून भागत नाही. आणि रथाचे काय? मंगेशीच्या माघातील जत्रेचा रथ काय, अन्य देवस्थानांचे रथ काय, ते ओढावयाचे असतात म्हणूनच दरसाल त्यांची चाके, आस, दोर तपासले जातात, आणि म्हणूनच त्या कामाचा सुतार गावात टिकतो. ओढण्याचे थांबवून तोच रथ काचेच्या खोलीत ठेवा. वीस वर्षांनी रथ राहील, सुतार राहणार नाही.

तिसरा आक्षेप पैशाचा. जेट एंजिन अर्ध्या तासात शेकडो लिटर इंधन पिते, हे आम्हांस ठाऊक आहे. परंतु पैसा हे खरे कारण नव्हे. एक्स्एच् ५५८ नावाचे दुसरे एक व्हल्कन इंग्रजांनी लोकवर्गणी व लॉटरीचा निधी यांच्या बळावर २००७ साली पुन्हा उडविले. ते २०१५ साली थांबले ते प्रामुख्याने पैसे संपले म्हणून नव्हे. ज्या कंपन्या त्याच्या सुरक्षिततेची हमी देत, त्यांनी हात आखडते घेतले. कारण त्या जुन्या यंत्राचे जाणते निवृत्त होत चालले होते. इंग्लंडसारख्या देशातही अखेर उणीव पडली ती माणसांची. आपल्याकडे तर ती माणसे आहेत, आणि त्यांना कुणी विचारीत नाही.

आमच्या लोकांस हे साधणार नाही, असे म्हणणाऱ्यांसाठी एकच उदाहरण देतो. 'फेअरी क्वीन' हे १८५५ सालचे वाफेचे एंजिन १९०९ मध्ये निवृत्त झाले होते. दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात ते चबुतऱ्याचेच जिणे जगत होते. पेरांबूरच्या कारखान्यात त्याचा जीर्णोद्धार झाला आणि १९९७ साली, ८८ वर्षांनी, ते पुन्हा रुळांवरून प्रवासी घेऊन धावले. विमानांत मात्र आपण परावलंबी राहिलो. आपल्या हवाई दलाच्या संग्रही एक उडते डाकोटा आहे. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी श्रीनगरास प्रथम उतरलेल्या डाकोटाचाच व्हीपी ९०५ हा क्रमांक त्याला दिला आहे आणि नाव 'परशुराम' ठेवले आहे. ज्या देवाने बाण सोडून कोकणची भूमी उत्पन्न केली त्याचे नाव ऐकून कोणत्या कोकणी माणसाचा ऊर भरून येणार नाही? राजीव चंद्रशेखर यांनी वैमानिक पित्याच्या सन्मानार्थ स्वखर्चाने ते उभे करवून राष्ट्रास दिले, ही गोष्ट थोर आहे. पण त्याचा जीर्णोद्धार झाला तो इंग्लंडात, आणि २०१८ साली ते तेथून उडत आले. मूर्ती आपली आणि मूर्तिकार परका.

आणि जे हातचे होते तेही आपण कसे घालविले, ते पाहा. १९७१ च्या डिसेंबरात 'विक्रान्त'वरून उडालेल्या सी हॉक जेटांनी कॉक्स बाजार आणि चितगाव येथे मारा केला. त्या जातीचे एक विमान गोव्यात बोगमाळोच्या नौदल संग्रहालयात पाहावयास मिळते. ते तेथे आहे याबद्दल आम्ही कृतज्ञच आहो. पण ज्या जहाजावरून ती उडाली ते २०१४ साली सुमारे ६० कोटी रुपयांस भंगारात गेले, आणि त्याच्या पोलादाचा अंश पुढे मोटारसायकलींच्या टाक्यांवर मिरविला गेला. 'विराट'साठी २०१८ साली सिंधुदुर्गात निवतीजवळ संग्रहालयाची योजना मंजूर झाली, कागदावर ८५२ कोटींचा आकडा चढला, आणि २०२० साली जहाज अलंगच्या किनाऱ्यावर तोडण्यास गेले.

हे सर्व आज लिहिण्याचे कारण मिग-२१. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगड येथे या विमानास निरोप देण्यात आला. १९६३ पासून बासष्ट वर्षे त्याने सेवा केली. त्याने अनेक तरुण वैमानिकांचे प्राण घेतले, हे कुणी विसरू नये. ताशी ३०० किलोमीटरहून अधिक वेगाने उतरणारे ते विमान नवशिक्याला क्षमा करीत नसे. पण म्हणूनच ते का कठीण होते, हे पुढच्या पिढीला त्याच्या जवळ नेऊन दाखविले पाहिजे. रंग दिलेल्या टरफलाला हार घालून ते कळणार नाही. या जातीची सहाशेंच्या वर विमाने भारतातच बांधली गेली, आणि ती नाशिकजवळ ओझरला, मराठी हातांनी. आता चौकाचौकांत, महाविद्यालयांच्या दारांत त्यांचे चबुतरे होतील.

पांढुर्णा व सौंसर मिळून २०२३ साली आमचा नवा जिल्हा झाला. १९५६ साली नागपूर मुंबई राज्यात गेले आणि आम्ही मध्य प्रदेशात राहिलो, तेव्हापासून आपलेही काही असावे ही भूक आम्हांस आहे. नव्या जिल्ह्याला नवा चौक लागतो आणि चौकाला शोभा लागते. उद्या आमच्यापैकीच कुणी मिगच्या टरफलासाठी अर्ज लिहावयास बसला, तर आमचा त्यास विरोध राहील, हे आजच सांगून ठेवतो. अर्ज करावयाचाच असेल तर असा करा: हवाई दलाने एक मिग एंजिनासह राखून ठेवावे, ते ओझरला असो की हवाई दलाच्या देखभाल विभागाचे मुख्यालय जेथे आहे त्या नागपुरास असो, निवृत्त कारागिरांनी ते महिन्यातून एकदा चालवावे, आणि आमच्याकडील औद्योगिक शाळांतील मुलांना त्यांच्या खांद्याशी उभे राहू द्यावे. इंधनासाठी आमच्या देवस्थानांनी दरसाल उत्सवातील एका दिवसाची आतषबाजी कमी करावी. धावपट्टीवरचे खडे वेचण्यास पांढुर्णा आणि सावरगाव या दोन्ही गावांची माणसे आम्ही पुरवू.

ओझरला मिग-२१ ची बांधणी ऐंशीच्या दशकात संपली. तेव्हा विशीत असलेला उमेदवार आज साठीच्या घरात आहे, आणि त्याला शिकविणारा वस्ताद ऐंशीच्या पुढे गेला आहे किंवा राहिलेला नाही. अर्ज याच वर्षी गेला पाहिजे.