मैदान गेलं, खेळ राहिला
कॅनडातल्या व्हँकूव्हर शहरात वसलेल्या जपानी कुटुंबांच्या पोरांनी १९१४ साली बेसबॉलचा संघ काढला. नाव ‘असाही’, म्हणजे सकाळचा सूर्य. गोऱ्या खेळाडूंपुढे ही पोरं चणीनं लहान. मग चेंडू हलकेच जवळच ढकलायचा अन् वाऱ्यासारखं पळत सुटायचं, ही त्यांची युक्ती! जपान्यांना मतदानाचा हक्क नव्हता, पण त्यांचा खेळ बघायला गोरेही गर्दी करत.

डिसेंबर १९४१मध्ये जपाननं पर्ल हार्बरवर हल्ला केला अन् होत्याचं नव्हतं झालं. १९४२मध्ये जपानी वंशाच्या सुमारे २२ हजार लोकांना घरादारातून उठवलं गेलं. यातल्या बहुतेकांचा जन्म कॅनडातलाच! संघ मोडला, पण छावण्यांतही बेसबॉल थांबला नाही. किनाऱ्यावर परतायची मुभा मिळाली थेट १९४९ साली.

२००३मध्ये कॅनडाच्या बेसबॉल हॉल ऑफ फेमनं ‘असाही’चा सन्मान केला. तो बघायला बरेच खेळाडू मात्र हयात नव्हते.